उजव्या हातातलं गाणं

गिटारच्या क्लासला नाव घालायला आलेल्या माणसाला बंगळुरूतले बरेच शिक्षक आधी एकच गोष्ट विचारतात: कोणतं गाणं वाजवता आलं पाहिजे? स्वरलेखन, थिअरी, परीक्षा हे सगळं नंतर. विचारण्यामागे व्यवहार आहे. ज्याच्या डोक्यात एखादं गाणं पक्कं बसलेलं असतं तो बोटं सोलवटली तरी टिकतो. ‘सहज, छंद म्हणून’ आलेला दुसऱ्या महिन्यापासून ट्रॅफिकचं कारण सांगू लागतो, आणि बंगळुरूत ते कारण कधी खोटं ठरत नाही.

या प्रश्नाची उत्तरं दोन घराण्यांतली असतात. एक घराणं जुन्या इंग्रजी फोक-रॉकचं. त्यात बॉब डिलन, सायमन आणि गारफंकल येतात, आणि शिकाऊ गिटारवादकांच्या दोन-तीन पिढ्यांनी ज्यावर हात बसवला ते ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ही येतं. दुसरं घराणं त्या मानानं नवं, इथल्याच मातीतलं. शिशुनाळ शरीफांची कन्नड पदं गिटार आणि ड्रमवर ऐकत ज्यांचं कॉलेज पार पडलं, त्यांना तीच वाजवायची असतात. सांगली-कोल्हापूरकडून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेली मराठी मुलंही यात सापडतात. कन्नड बोलता येत नसलं तरी पदाचं धृपद तोंडपाठ असतं.

दोन्ही घराण्यांत शिकणाऱ्याची समजूत एकाच जागी चुकते. सगळं लक्ष डाव्या हाताकडे जातं, कारण दुखतो तो डावा हात, आणि पुस्तकांत चित्रं असतात तीही त्याचीच. पण फोक-रॉकमध्ये डाव्या हाताचं काम बहुधा चार-पाच कॉर्डमध्ये आटोपतं. एक गाणं दुसऱ्यापासून वेगळं ओळखू येतं ते उजव्या हातामुळे.

फोक-रॉक म्हणजे काय, हे थोडक्यात. चाल आणि शब्द लोकगीताच्या वळणाचे, ठेका आणि वाद्यमेळ रॉकचा. अमेरिकेत हा शब्द 1965 साली रूढ झाला. डिलनचं ‘मिस्टर टॅम्बुरीन मॅन’ द बर्ड्स या बँडनं बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर नेलं, आणि जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात खुद्द डिलननं इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घातली तेव्हा कर्मठ श्रोत्यांनी हुर्यो उडवली. नाव 1965 चं असलं तरी काम आदल्या वर्षीच झालं होतं. इंग्लंडमधल्या द ॲनिमल्स या पाच पोरांच्या बँडनं 18 मे 1964 रोजी लंडनमध्ये ‘रायझिंग सन’ एका दमात ध्वनिमुद्रित केलं, आणि त्याच वर्षी ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे अव्वल ठरलं.

हे गाणं लिहिलं कोणी, याला उत्तर नाही. 1937 मध्ये लोकगीतं गोळा करत फिरणाऱ्या ॲलन लोमॅक्सनं केंटकी राज्यातल्या मिडल्सबरो गावी सोळा वर्षांच्या जॉर्जिया टर्नरकडून ते ऐकून मुद्रित केलं. ती खाणकामगाराची मुलगी. तिच्याआधीही ते दुसऱ्यांच्या आवाजात तबकडीवर आलेलं होतं. पुढे न्यूयॉर्कच्या डेव्ह व्हॅन रॉंकनं त्याला अर्ध्या-अर्ध्या सुरानं खाली उतरत जाणारा खर्ज जोडला. डिलननं ती मांडणी उचलून 1962 च्या आपल्या पहिल्या तबकडीत वापरली. त्यानंतर व्हॅन रॉंकला ते गाणं सोडून द्यावं लागलं, कारण लोक त्यालाच डिलनची नक्कल करतोस म्हणू लागले. दोन वर्षांनी ॲनिमल्स आले आणि तीच पाळी डिलनवर आली. ॲनिमल्सच्या तबकडीवर ‘पारंपरिक, मांडणी ॲलन प्राइस’ असं छापलं गेलं. प्राइस हा बँडमधला ऑर्गनवाला. बाकी चौघांची नावं तिथे नव्हती, त्यामुळे मांडणीचं मानधन एकट्याकडे गेलं, आणि बँडमधली ती अढी पुढे अनेक वर्षं राहिली. गंमत अशी, की ज्या सुरावटीमुळे गाणं पहिल्या सेकंदाला ओळखू येतं ती प्राइसच्या ऑर्गनची नाहीच. ती हिल्टन व्हॅलेंटाइन या गिटारवाल्याची.

व्हॅलेंटाइननं कॉर्ड एकदम झणकारले नाहीत, एकेक तार सुटी वाजवली. याला आर्पेजिओ म्हणतात. त्यानं ते इलेक्ट्रिक गिटारवर पिकनं वाजवलं. क्लासमध्ये मात्र ते अकूस्टिकवर आणि नुसत्या बोटांनी शिकवतात, आणि नवशिक्याला तेच बरं पडतं.

आता हात जवळून पाहू. गिटार मांडीवर घेतली की सर्वांत जाड तार वर, डोळ्यांजवळ येते. ती सहावी तार आणि तिला म्हणतात ‘लो’ म्हणजे खालचा ई, कारण सूर खर्जातला आहे. गुडघ्याजवळची सर्वांत बारीक तार पहिली आणि ती ‘हाय’ ई. वर ते खाली आणि खाली ते वर: पहिल्या आठवड्यातले निम्मे घोटाळे इथेच होतात. जाडीकडून बारकीकडे सूर लावले जातात ई, ए, डी, जी, बी, ई.

‘रायझिंग सन’च्या कडव्यात कॉर्ड पाचच: ए मायनर, सी, डी, एफ आणि ई. ठेका सहा मात्रांचा. दादरा ऐकलेल्या मराठी कानाला तो समजावून सांगावा लागत नाही, फक्त दादऱ्याचं तीन-तीनचं वजन इथे जरा सपाट असतं. एका कॉर्डला एक आवर्तन. पहिल्या ओळीत ए मायनर, सी, डी, एफ. दुसऱ्या ओळीत ए मायनर, सी आणि मग ई दोनदा. तिसरी ओळ पहिलीसारखीच. चौथ्या ओळीत ए मायनर आणि ई यांची अदलाबदल. सोळा आवर्तनांत कडवं संपलं.

डाव्या हाताला हे गाणं किती सोयीचं आहे ते बोटं पाहिली की कळतं. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. ए मायनरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटमध्ये असते, मधलं बोट चौथ्या तारेवर आणि अनामिका तिसऱ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटमध्ये. सी करायचा तर तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलवायचं नाही. एकटी अनामिका उचलून पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये न्यायची. ए मायनरवरून ई कॉर्ड करणं तर त्याहून सोपं, कारण आकृती तीच राहते आणि तिन्ही बोटं एकेक तार वर सरकतात. चांगला शिक्षक ही गुपितं पहिल्याच तासाला सांगतो. कॉर्डची चित्रं सुटी-सुटी पाठ करणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी हात उचलून नव्यानं जुळवावा लागतो, आणि तेवढ्यात ठेका निघून जातो.

अडतं ते डीवरून एफला जाताना. एफ हा नवशिक्यांचा जुना वैरी. पूर्ण एफमध्ये तर्जनी आडवी टाकून पहिल्या फ्रेटमध्ये सहाच्या सहा तारा दाबाव्या लागतात. हा बार कॉर्ड. पहिला फ्रेट नटला, म्हणजे तारा जिथून सुरू होतात त्या पट्टीला, चिकटून असतो. तिथे तार सर्वांत ताठर. जोर लावावा म्हणून सगळे अंगठ्यानं मान आवळतात आणि पाच मिनिटांत मनगट भरून येतं. त्यापेक्षा कोपर थोडं अंगाशी घ्यावं, तर्जनी तिच्या हाडाच्या कडेवर किंचित कलती करावी आणि हाताचं वजन मागे ओढावं. तार दाबली जाते ती त्या ओढीनं. तरीही नाहीच जमलं तर चार तारांचा छोटा एफ आहे. त्यात तर्जनी फक्त दोन तारांवर आडवी पडते. या गाण्यात छोट्या एफनं काही बिघडत नाही, उलट चौथ्या तारेवरचा त्याचा खर्ज डीच्या खर्जाला लागूनच येतो.

एफसाठी ही खटपट करायची कशाला, तो गाळून का टाकू नये? कारण गाण्याची सगळी कळा त्या जागेत आहे. ए या सुराला षड्ज धरा. मग डी कॉर्डमध्ये शुद्ध धैवत येतो आणि लगेच पुढच्या एफमध्ये कोमल धैवत. सीमध्ये कोमल निषाद, तर ओळीच्या शेवटी ई आला की शुद्ध निषाद. दोन्ही धैवत, दोन्ही निषाद, आणि वर चाल म्हणाल तर अगदी साधी, गावात कोणालाही गाता येईल अशी. चाल मोठी हालचाल करत नाही, तिच्याखालची जमीन सरकते. पाश्चात्त्य कॉर्डसंगीताची ही मुख्य युक्ती, आणि भारतीय कानाला ती पहिल्यांदा इतकी उघडपणे याच गाण्यात कळते.

आता उजवा हात. नेहमीचा शिकवला जाणारा घाट असा: अंगठा खर्जाची तार छेडतो, मग तर्जनी तिसरी तार, मधलं बोट दुसरी, अनामिका पहिली, आणि परतताना पुन्हा मधलं बोट आणि तर्जनी. झाल्या सहा मात्रा. तीन बोटांची घरं ठरलेली. ती बदलत नाहीत. फिरतो फक्त अंगठा. ए मायनर आणि सीसाठी पाचवी तार, डी आणि छोट्या एफसाठी चौथी, ईसाठी सहावी. तबल्याच्या जोडीत डग्ग्याचं जे काम, तेच इथे अंगठ्याचं: सम त्याच्याकडे, वजन त्याच्याकडे, आणि तो चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही गाणं पडतं.

शिक्षकांची एक रीत इथे कामी येते. डावा हात काढून घ्या. कॉर्ड न धरता, मोकळ्या तारांवर फक्त उजव्या हातानं दहा-पंधरा मिनिटं सहा मात्रांचं चक्र फिरवत राहायचं. बोलत, खिडकीतून बाहेर पाहत, चहाची वाट पाहत. हात आपोआप फिरू लागला की त्यात ए मायनर घालायचा, तो मुरला की सी. बहुतेक जण उलटं करतात. आधी पाचही कॉर्ड ‘पूर्ण’ करू आणि मग हाताचं पाहू, असं म्हणत महिनाभर जागच्या जागी राहतात. कॉर्ड बदलायचा वेग वाढवायला एक व्यायाम प्रसिद्ध आहे. दोन कॉर्ड निवडून एका मिनिटात किती वेळा अदलाबदल होते ते मोजायचं आणि रोज लिहून ठेवायचं. जस्टिन सॅंडरको या ऑस्ट्रेलियन शिक्षकानं तो इंटरनेटवरच्या धड्यांतून जगभर पोचवला. रुक्ष आहे, पण गुण येतो.

तार कुठे दाबायची हेही डोळ्यांनी पाहून घ्यावं. दोन धातूच्या पट्ट्यांच्या मधोमध नव्हे, पुढच्या पट्टीला जवळजवळ टेकून. तिथे निम्म्या जोरात स्वच्छ सूर निघतो. मधोमध दाबलं की तार फर्रर्र करते आणि माणूस आणखी जोर लावतो. बोटांच्या टोकांना दोन-तीन आठवड्यांत घट्टे पडतात आणि दुखणं थांबतं. तोवर 10 किंवा 11 नंबरचा तारांचा सेट घालावा. हा नंबर म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजारांश भागांत. अकूस्टिक गिटारवर सर्रास असतो तो 12 नंबर, आणि त्या सहा तारा मिळून मानेवर सत्तर किलोंच्या आसपास ताण देतात. तेव्हा हात दुखला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुखण्याचं दुसरं कारण स्वस्तातलं वाद्य. एके काळी मध्यमवर्गीय घरात गिटार यायची ती कोलकात्याच्या गिव्हसन किंवा हॉबनर कारखान्याची, आणि पुष्कळदा तारा फ्रेटपासून इतक्या उंच की बारावा फ्रेट दाबताना कसरत व्हावी. आता यामाहा चेन्नईजवळच्या कारखान्यात शिकाऊ गिटारी बनवते. 2019 पासून तिथली एफ 280 साधारण आठ-दहा हजारांत मिळत आली आहे, आणि निदान सुरात लागते. हवेच्या बाबतीत मात्र बंगळुरूकर सुदैवी. गिटारच्या लाकडाला पन्नास टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात वरची फळी फुगून तारा उचलल्या जातात. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर असलेल्या बंगळुरूत तो जाच कमी. इथला त्रास फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेचा: फळी बसते, तारा फ्रेटला घासू लागतात, फ्रेटची टोकं लाकडाबाहेर डोकावून हाताला बोचतात. पेटीत ओलसर स्पंज ठेवला की भागतं.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्याजोगी. अमेरिकन लोकसंगीताची मानाची गिटार म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिन कंपनीची. तिची पाठ आणि कडा ब्राझिलियन रोझवूडच्या असत. ते दुर्मिळ होत गेलं, तेव्हा 1969 मध्ये मार्टिननं भारतीय रोझवूड वापरायला सुरुवात केली. म्हणजे आपला शिसव. पश्चिम घाटातला. कोडगू आणि चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी उभे असलेले शिसवाचे उंच वृक्ष बंगळुरूपासून मोटारीनं काही तासांवर आहेत. 2017 मध्ये या जातीच्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि गिटार बनवणारे आणि घेऊन फिरणारे दोघेही कागदपत्रांत अडकले. 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

या शहराचं गिटारशी नातं कॅन्टोन्मेंटच्या काळापासूनचं. इथे चर्चचे कॉयर होते, अँग्लो-इंडियन वस्ती होती, क्लबांतून वाजणारे बँड होते. ब्रिगेड रोडजवळ रेस्ट हाउस रोडवरच्या पेकोस या पबनं जुन्या रॉकवर एका पिढीचे कान तयार केले. 1987 मध्ये अरुणा सुंदरलाल यांनी बंगलोर स्कूल ऑफ म्युझिक सुरू केली आणि पाश्चात्त्य संगीताचं रीतसर शिक्षण उभं राहिलं. ‘संस्कार’ चित्रपटाचे दिग्दर्शक पट्टाभिराम रेड्डी आणि आणीबाणीत तुरुंगवास सोसलेल्या स्नेहलता रेड्डी यांचा मुलगा कोणार्क रेड्डी इथलाच गिटारवादक. 1996 मध्ये थर्मल अँड अ क्वार्टर हा बँड उभा राहिला. त्यातल्या मंडळींनी पुढे स्वतःची संगीतशाळाही काढली. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘फ्रीडम जॅम’ सुरू झाला. तिकीट नाही, नवख्या बँडनं यावं आणि वाजवावं.

पॅलेस ग्राउंड्सच्या मैदानावर रॉजर वॉटर्स, आयर्न मेडन, मेटालिका असे सगळे येऊन गेले. पण 2005 हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं. त्या मार्चमध्ये तिथे मार्क नॉप्फ्लर वाजवून गेला. पिक न घेता नुसत्या बोटांनी इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा हा माणूस, म्हणजे उजव्या हाताच्या महत्त्वाचा चालता-बोलता पुरावा. पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर सी. अश्वथ यांचा ‘कन्नडवे सत्य’ हा कार्यक्रम झाला आणि त्याला अफाट गर्दी लोटली. अश्वथ हे कन्नड सुगम संगीतातलं मोठं नाव, आणि शिशुनाळ शरीफ घरोघरी पोचले ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

शरीफ (1819–1889) हे हावेरी जिल्ह्यातल्या शिशुनाळ गावचे. जन्म मुस्लिम घरात, गुरू गोविंद भट्ट हे ब्राह्मण. काही काळ शाळामास्तरकी केली, पुढे सगळं सोडून पदं रचत फिरले. पदांचे विषय घरातले आणि चावडीवरचे: गळकं छप्पर, हुक्का, जत्रा. अर्थ मात्र आत खोल लपवलेला. कोंबडीनं माकड गिळलं, असं एक पद आहे. मुक्ताबाईची सूर्य गिळणारी मुंगी ज्यांना माहीत आहे त्यांना हा प्रदेश ओळखीचा वाटेल. टी. एस. नागाभरण यांनी 1990 मध्ये शरीफांवर चित्रपट काढला. संगीत अश्वथ यांचं, आणि गोविंद भट्टांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड.

हुक्क्याचं आणि गळक्या छपराचं, ही दोन्ही पदं 2008 मध्ये एका वेगळ्याच तबकडीवर आली: ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’. रघू दीक्षित यांचा जन्म नाशिकचा, वाढले म्हैसूरला. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं, कला भरतनाट्यम. गिटार हातात आली ती कॉलेजात पैजेपोटी. वर्गातल्या गिटारवाल्या मित्रानं नाचण्यावरून चिडवलं म्हणून ती लावली होती, असं ते मुलाखतींतून सांगत आले आहेत. क्लास नाही, गुरू नाही, स्वतःच शिकले. 2010 मध्ये बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात आणि 2011 मध्ये ग्लास्टनबरीला, लुंगी आणि पायांत घुंगरू अशा वेशात त्यांनी ही गाणी नेली. धाकटे बंधू वासू दीक्षित यांचा बँड स्वरात्मा. त्यांनी कावेरीच्या पाण्याच्या भांडणावर ‘प्यासी’ हे गाणं केलं, आणि मंचावर लोकनृत्यातला लाकडी घोडा कमरेला बांधून ते गातात. दोघांच्याही गळ्यात अकूस्टिक गिटार, आणि ती सहसा सोलो वाजवत नाही. ती ठेका धरते.

शिकणाऱ्यासाठी इथे खरा पेच आहे. ‘रायझिंग सन’ला दर सहा मात्रांनी जमीन सरकवावी लागते. शरीफांची पदं मुळात एकतारी-तंबोऱ्याच्या साथीची. तिथे षड्ज हलत नाही. इंग्रजी गाण्यावर हात बसलेला मुलगा पहिल्या उत्साहात पदाच्या प्रत्येक ओळीखाली चार-चार कॉर्ड कोंबतो आणि मग पद चित्रपटातल्या गाण्यासारखं गुळगुळीत वाटू लागतं. कॉर्ड कमी करावेत, हाच सल्ला बरा. दोन पुरतात, कधी एकही. एकाच ए मायनरवर अख्खी ओळ काढायची, पाचवी तार मोकळी गुंजत ठेवायची आणि उठाव आणायचा तो सगळा स्ट्रमिंगमधून: कुठे जोर, कुठे तळहाताची कड पुलाजवळ, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाशी, टेकवून दबका आवाज, कुठे तारांवर नुसती थाप. भजनी मंडळात टाळ वाजवलेला मुलगा हे पटकन पकडतो. मुंबईचा अभंग रिपोस्ट हा बँड अभंगांना गिटार-ड्रम जोडताना याच प्रश्नाशी झगडतो. त्यांची गाणी कान देऊन ऐकली तर कॉर्ड कुठे बदलला यापेक्षा कुठे मुद्दाम बदलला नाही हे शिकण्यासारखं आहे.

वाजवता वाजवता गाणं ही आणखी एक पायरी, आणि इथे बरेच जण गळतात. आवाजाची पट्टी कॉर्डच्या पट्टीशी जुळत नाही, माणूस ओढूनताणून गातो, मग हातही अडखळतो. त्यासाठी कापो नावाचा चिमटा असतो. तो मानेवर लावला की सगळ्या तारा एकदम चढतात आणि बोटांच्या आकृत्या त्याच राहतात. पेटीच्या भाषेत बोलायचं तर ए म्हणजे पांढरी सहा. काळी एकमध्ये गाणाऱ्यानं चौथ्या फ्रेटवर कापो लावून तोच ए मायनर धरावा. एफचा त्रासही त्यानं थोडा हलका होतो, कारण पुढे गेलं की फ्रेट जवळजवळ येतात. कापोला कुबडी म्हणणारे काही शुद्धतावादी असतात. त्यांच्याकडे लक्ष द्यायचं कारण नाही. लोकसंगीतातले मोठमोठे वादक तो सर्रास लावतात.

आणि ज्याला षड्ज-पंचमाची गुंज पूर्णच हवी, त्यानं तारांची लावणीच बदलावी. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ही ग्रॅहम हा इंग्लिश गिटारवादक मोरोक्कोला जाऊन आला. तिथलं ऊद हे तंतुवाद्य ऐकून, त्या संगीताशी जुळेल अशी डी-ए-डी-जी-ए-डी ही लावणी त्यानं वापरात आणली. डीला षड्ज मानलं तर खर्जाच्या तीन तारा झाल्या सा-प-सा आणि पुढच्या तीन म-प-सा. गांधारच नाही, त्यामुळे कोमल की शुद्ध हे गळ्यानं ठरवायचं. मोकळ्या तारा छेडल्या की तंबोऱ्याच्या बरंच जवळ जाणारं काहीतरी निघतं, आणि त्यावर शरीफांचं पद बेतासबात वादकालाही पेलतं. लावायला सोपी: सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीन तारा प्रत्येकी दोन-दोन फ्रेटच्या अंतरानं उतरवायच्या. मानेवरचा ताण कमी झाल्यानं बाकीच्या तीन किंचित चढतात, म्हणून शेवटी सहाही पुन्हा ट्यूनरवर तपासाव्या लागतात. आणि त्याच बैठकीत परत ‘रायझिंग सन’ वाजवायचं असेल तर उलट होतं. तीन तारा चढवल्या की उरलेल्या उतरतात. म्हणूनच बंगळुरूच्या जॅममध्ये अशी दोन्ही घराणी वाजवणारे बरेच जण दुसरी गिटार सोबत आणतात.